आठवीनंतर मुलं ग्रंथालयात फिरकत नाहीत, काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावातली अनुदानित माध्यमिक शाळा, पाचवी ते दहावी, साधारण चारशे मुलं. ग्रंथालयाचा चार्ज मराठीच्या शिक्षिकेकडे. दोन हजारांवर पुस्तकं आहेत. पाचवी-सहावीची मुलं अधूनमधून पुस्तक मागतात, आठवीपासून पुढचं कुणी येत नाही. वाचन प्रेरणा दिन, सारांशलेखन स्पर्धा, ‘उत्कृष्ट वाचक’ पुरस्कार असं सगळं करून झालं. आता काय?

मॅडम, स्पर्धा आणि पुरस्कारांकडे नंतर येते. आधी एक विचारते: ग्रंथालयाच्या कपाटांना कुलूप आहे का, आणि किल्ली कुणाकडे असते?

शाळांच्या ग्रंथालयांत माझी बरीच वर्षं गेली, आधी ग्रंथपाल म्हणून आणि आता इतर शाळांना त्यांचं ग्रंथालय चालतं करायला मदत करताना. मुलं वाचत नाहीत म्हणून शाळा बोलावते, तेव्हा मुलांशी बोलण्याआधी मी कपाटं बघते. बहुतेक ठिकाणी चित्र एकच असतं. लोखंडी कपाटं, पुस्तकं दोन रांगांत कोंबलेली, मागची रांग कुणाला दिसतच नाही, आणि किल्ली बाईंच्या पर्समध्ये. मुलाला पुस्तक हवं असेल तर स्टाफरूमच्या दारात जाऊन उभं राहायचं. बाई मोकळ्या असल्या तर विचारणार, “कुठलं हवंय?” पाचवीतलं पोर “गोष्टीचं” म्हणून मोकळं होतं. आठवीतल्या मुलाला नेमकं काय हवंय हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं. ठाऊक असलं तरी “भुताचं आहे का?” असं पाच शिक्षकांसमोर विचारायची त्याची तयारी नसते. तो येत नाही याचं पहिलं कारण इतकं साधं आहे. पुस्तक उचलून, चाळून, परत ठेवून, दुसरं घेऊन, शेवटी मित्राच्या हातातलं हिसकावून बघता आलं पाहिजे. त्याशिवाय निवड होत नाही, आणि स्वतः न निवडलेलं पुस्तक या वयात कुणी पुरं करत नाही.

कुलूप का असतं हेही मला पुरतं माहीत आहे. चार्ज तुमच्या नावावर असतो, दाखल नोंदवहीतलं प्रत्येक पुस्तक तुमच्या सहीवर असतं, आणि तपासणीच्या वेळी चार पुस्तकं कमी भरली तर ती पगारातून भरून द्यावी लागतील अशी भीती शिक्षकांच्या मनात घट्ट बसलेली असते. या भीतीमुळे महाराष्ट्रातल्या शाळांतली जेवढी पुस्तकं न वाचता जुनी झाली असतील, तेवढी वाळवीनंही खाल्ली नसतील. म्हणून कुलूप काढण्याआधी कागद करून घ्या. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत नियम २१५ ग्रंथालयांबद्दल आहे. वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तकं गहाळ होणं वाजवी समजावं, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसला म्हणजे झालं, असं तो सांगतो. एक हजार रुपयांहून महाग किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करायची. हा नियम केंद्राच्या कार्यालयांसाठी आहे, तुमच्या संस्थेला तो आपोआप लागू होत नाही. पण शाळा समितीच्या बैठकीत ठराव मांडताना त्याचा दाखला फार उपयोगी पडतो. ठरावात तीन गोष्टी लिहून घ्या: पुस्तकं मुलांना घरी दिली जातील, ठरावीक प्रमाणात झालेली घट समिती मान्य करेल, आणि फाटलेल्या-हरवलेल्या पुस्तकांचं निर्लेखन, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर कमी करणं, दरवर्षी होईल. मुख्याध्यापकांची सही झाली की तुमच्या डोक्यावरचं अर्धं ओझं उतरतं आणि तुम्ही मुलांकडे बघायला मोकळ्या होता.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं पहिलं, पुस्तकं वापरासाठी आहेत. ग्रंथपालाच्या अभ्यासक्रमात हे सगळे पाठ करतात. शाळेत ते लागू करायचं म्हणजे पाचवीतल्या मुलाच्या दप्तरात डब्याशेजारी पुस्तक जाणार, त्याला भाजीचा डाग पडणार आणि ते आपण चालवून घेणार. डाग पडलेलं पुस्तक परत आलं तर रागावू नका. रागावलात तर ते मूल पुढचं पुस्तक न्यायलाच येणार नाही.

आता त्या दोन हजार पुस्तकांबद्दल. एका शनिवारी दुपारी चार-सहा मुलांना घेऊन सगळी पुस्तकं जमिनीवर मांडा. जुन्या अभ्यासक्रमाची गाईडं, कालबाह्य सामान्यज्ञान, कुणीतरी देणगीत दिलेले आध्यात्मिक ग्रंथ, अनुदानातून एकगठ्ठा आलेल्या एकाच चरित्राच्या वीस प्रती, मुंगीच्या अक्षरांत छापलेली पिवळी पडलेली भाषांतरं हे सगळं बाजूला काढा. निर्लेखनाला वेळ लागतो, तोवर एका कपाटात बंद करून ठेवा. तुमच्याकडे चारशे-पाचशे पुस्तकं उरली तरी घाबरू नका, चारशे मुलांच्या शाळेत सुरुवातीला तेवढी पुरतात. मुलांना कपाटात एखादं चांगलं पुस्तक शोधायला वीस रद्दी पुस्तकं बाजूला करावी लागली, तर ती शोधणं सोडून देतात आणि ग्रंथालयात काही नसतं असं मत करून घेतात. ते मत पुढच्या वर्गांतही पसरतं.

उरलेल्यांतली साठ-सत्तर पुस्तकं अशी ठेवा की मुखपृष्ठ समोर दिसेल. फळीवर तिरकी, खिडकीच्या गजाला सुतळी बांधून चिमट्यांनी लटकवलेली, बाकावर पसरलेली, कशीही. दर पंधरवड्याला ती बदला. नुसत्या कण्यावरून पुस्तक ओळखणारा वाचक आधीच तयार झालेला असतो. आपल्याला ज्यांना ओढायचंय त्यांना चित्र आणि नाव दिसलं पाहिजे. वर्गीकरणाचे आकडे दाखल नोंदवहीत राहू द्यात, फळ्यांवर मुलांच्या भाषेत चिठ्ठ्या लावा: भुताच्या, हसवणाऱ्या, खऱ्या माणसांच्या, प्राणी, क्रिकेट आणि कबड्डी, ‘पन्नास पानांत संपणारी’. ही शेवटची फळी सर्वांत आधी रिकामी होते, तिच्यात नेहमी भर घालत राहा.

देवघेवीची वही मुलांच्या हातात द्या. तारीख, नाव, इयत्ता, दाखल क्रमांक, परत केल्याची खूण, बस्स. नववीतली दोन मुलं आणि दोन मुली मधल्या सुट्टीत बसली की काम होतं. त्यात किमान एक जण असा घ्या की जो वाचत नाही आणि वर्गात त्रास देतो असं सगळे सांगतात. त्याला शिक्का आणि वही द्या. रोज पुस्तकं हातातून जायला लागली की त्यांतलं एखादं तो उघडतोच, आणि मग त्याच्या टोळीतली मुलं खिडकीशी गोळा व्हायला लागतात. मी हे इतक्या वेळा बघितलंय की कुठल्याही शाळेला मी खात्रीनं सांगते.

वेळ कुठली ठेवायची? वेळापत्रकात ग्रंथालयाची तासिका असेल तर ती राखा, परीक्षा जवळ आली की गणिताचे सर ती मागतात, देऊ नका. पण तालुक्याच्या शाळेत खरी वेळ वेगळीच असते. तुमच्याकडे आसपासच्या वाड्यांतून एसटीनं येणारी मुलं असणार. सकाळची गाडी शाळा भरण्याच्या पाऊण तास आधी आणून सोडते, आणि संध्याकाळची गाडी शाळा सुटल्यावर तासाभरानं असते. ही मुलं त्या वेळात स्टँडवर नाहीतर शाळेच्या पायरीवर बसलेली असतात. त्यांच्यासाठी ग्रंथालय उघडं ठेवा. शिपाईमामांशी बोला, मुलांच्या गटाला जबाबदारी द्या, तेवढ्यापुरतं एका वर्गात बाकांवर पुस्तकं मांडली तरी चालेल. या वेळेत कुणी शिकवत नाही, कुणी प्रश्न विचारत नाही, बाहेर ऊन किंवा पाऊस असतो आणि करायला दुसरं काही नसतं. दीर्घ वाचनाची सवय मला शाळेत सर्वांत जास्त याच मुलांना लागलेली दिसली. घरी गेल्यावर त्यांना गुरांचं बघायचं असतं, पाणी भरायचं असतं, धाकट्यांना सांभाळायचं असतं. “घरी रोज अर्धा तास वाचा” हा उपदेश त्यांच्या उपयोगाचा नाही.

आता मोठ्यानं वाचून दाखवण्याबद्दल, कारण मला विचाराल तर सगळ्या उपायांत हा पहिला आणि शिक्षक सर्वांत कमी करतात तोही हाच. चौथीनंतर वाचून दाखवणं थांबतं, जणू मुलांना अक्षरं आली म्हणजे कानांची गरज संपली. आठवी-नववीच्या वर्गात आठवड्यातून तीनदा, तासाची शेवटची दहा मिनिटं वाचून दाखवा. परिपाठात नको, तिथं चारशे मुलं उभी असतात, माईक खरखरतो आणि गोष्ट ऐकू जात नाही. वर्गातच, दार लोटून. पहिल्या दिवशी मागच्या बाकावर कुजबूज असते, कुणी वहीवर गाडीचं चित्र काढत असतो. काढू द्यात. वाचताना आवाजात नाटक आणायची गरज नाही, पण घाई करू नका, संवाद आले की थोडं थांबा. चौथ्या-पाचव्या बैठकीला चित्र काढणाऱ्याचा हात थांबतो. घंटा ऐन वळणावर झाली की पुस्तक मिटा आणि टेबलावर ठेवून निघून जा. टेबलावर ठेवणं महत्त्वाचं आहे. मधल्या सुट्टीत दोघं-तिघं ते उघडून पुढं काय झालं ते बघतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून टाकतात म्हणून बाकीच्यांचा मार खातात. असं भांडण झालं की समजावं, गोष्ट वर्गात शिरली. त्याच लेखकाची आणखी दोन-तीन पुस्तकं त्या आठवड्यात फळीवर समोर असली पाहिजेत.

काय वाचायचं? तुम्हाला स्वतःला आवडलेलं. न आवडलेलं पुस्तक केवळ बोधासाठी वाचून दाखवलं तर मुलांना तीन ओळींत कळतं. सहावी-सातवीला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही धरून ठेवतो. आठवीच्या पुढं जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा, नारायण धारपांच्या भयकथा चालतात. धारपांबद्दल पालकांची किंवा सहकाऱ्यांची कुरकुर येईल. मुलांना भीती आवडते, आणि भीतीच्या गोष्टीत पान उलटण्याची जी ओढ लागते ती पुढं सगळ्या वाचनाच्या कामी येते. मी भयकथांच्या बाजूनं नेहमी उभी राहते.

आठवीत नेमकं काय बिघडतं हे समजून घेतलं पाहिजे, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथं आहे. एक तर अभ्यास वाढतो, क्लास लागतात, मोबाइल हातात येतो, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. दुसरं असं की या वयात आपण काय वाचतो हे इतरांना दिसतं, आणि चित्रांचं, मोठ्या टाइपाचं पुस्तक हातात दिसलं तर हसं होतं. तिसरं कुणी बोलत नाही. वर्गातल्या काही मुलांना वाचताच नीट येत नाही. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणाचे अहवाल पुन्हा पुन्हा सांगतात की ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळपास निम्म्या किंवा त्याहून जास्त मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर सलग वाचता येत नाही. ही मुलं पुढं आठवीत येतात. फळ्यावरचं उतरवून घेतात, गाईडातली उत्तरं पाठ करतात, आणि जोडाक्षरांशी अडखळणारं वाचन इतक्या हुशारीनं लपवतात की शिक्षकालाही पत्ता लागत नाही. त्यांना ‘वाचनाची आवड नाही’ म्हणणं हा अन्याय आहे. जे करताना दर ओळीला अपमान होतो त्याची आवड कुणाला असेल?

या मुलांना सोपी पुस्तकं वाचायची गरज असते, पण ती हातात धरायला सबब हवी. ती सबब तुमच्या शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. आठवीच्या आठ-दहा मुलांचा गट करा, त्यात चांगले वाचणारे आणि अडखळणारे मिसळा, आणि सांगा की शुक्रवारी आपण पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्ट वाचून दाखवायला जायचं आहे. चित्रांची पुस्तकं त्यांच्या पुढं ठेवा. माधुरी पुरंदरे यांची लहान मुलांसाठीची पुस्तकं यासाठी उत्तम, कारण त्यांतली भाषा घरात बोलतात तशी आहे आणि वाचणाऱ्याची जीभ अडखळत नाही. प्रथम बुक्सची पुस्तकंही चांगली. मग सोमवार ते गुरुवार तयारी चालते.

अशा तयारीत मी एका मुलाजवळ बसले होते. उंचापुरा, मिसरूड फुटलेला, वर्गात कधी उभं राहून न वाचणारा. पुस्तक सोळा पानांचं, पानावर दोन-तीन ओळी. त्यानं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा बोट प्रत्येक अक्षराखाली सरकत होतं. ‘म्हातारी’ शब्दाशी तो थांबला, मागं गेला, पुन्हा आला. दुसऱ्या दिवशी बोट शब्दाखाली होतं. चौथ्या दिवशी बोट गेलं होतं, आणि कोंबडीच्या बोलण्याला वेगळा आवाज द्यावा का, असं त्यानंच मला विचारलं. शुक्रवारी दुसरीतली सहा पोरं त्याच्या मांडीला टेकून बसली आणि पुस्तक संपल्यावर “परत वाच” म्हणाली. त्यानं परत वाचलं. त्याला चौदाव्या वर्षी कुणी दुसरीचं पुस्तक अभ्यास म्हणून दिलं असतं तर त्यानं ते भिरकावलं असतं.

पालघर जिल्ह्यात काम करणारी क्वेस्ट ही संस्था ‘गोष्टरंग’ या उपक्रमात आश्रमशाळांत जाऊन पुस्तकांतल्या गोष्टी नाट्यरूपात सादर करते. पणजीची बुकवर्म ही संस्था गोव्यातल्या शाळांत जाऊन ग्रंथालयाचे तास घेते. जमलं तर यांचं काम प्रत्यक्ष बघा. एका भेटीत ग्रंथालयाच्या तासाकडे बघण्याची नजर बदलते.

माहितीची पुस्तकं कमी लेखू नका. आपण मराठीचे शिक्षक, आपल्याला वाचन म्हणजे कथा-कादंबरी वाटते. नववीतल्या कितीतरी मुलांना ट्रॅक्टरचं इंजिन, साप, सैन्यभरती, शेअर बाजार, पोल्ट्री, अवकाशयान यांत रस असतो. तेही वाचनच आहे. वर्तमानपत्राचं क्रीडापान कापून भिंतीला लावा. मुलं मोबाइलवर काय शोधतात हे त्यांना सहज विचारा, खरेदीची अर्धी यादी तिथंच मिळते. आणि कॉमिक्स, चित्रकथा वाचणाऱ्याला “आता मोठं काही वाच” असं म्हणू नका.

किशोरवयीन मुलींसाठी आणि मुलांसाठीही एक फळी वेगळी ठेवा. पाळी, शरीरातले बदल, आकर्षण, घरातली दारू, मन उदास होणं, असे विषय असलेली पुस्तकं. ती दारामागच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या नजरेत न येणारी असावी, आणि तिच्यातलं पुस्तक नोंद न करता नेता यावं. काही पुस्तकं परत येणार नाहीत. ती कुणाच्या तरी उशीखाली असतील, तिथंच त्यांची गरज आहे. ही फळी मांडण्याआधी मुख्याध्यापकांना आणि शाळेतल्या एखाद्या ज्येष्ठ शिक्षिकेला पुस्तकं दाखवा, म्हणजे उद्या कुणी पालक विचारायला आले तर तुम्ही एकट्या पडणार नाही.

स्पर्धा आणि सारांशाविषयी माझं मत कडक आहे. प्रत्येक पुस्तकाला सारांश, लेखकाचा परिचय आणि ‘मला मिळालेला बोध’ लिहायला लावणारी वही बंद करा. मोठी माणसं कादंबरी वाचून झाल्यावर असं काही लिहितात का? या वहीमुळे मुलं पातळ पुस्तक निवडतात, मागच्या पानावरचा मजकूर उतरवतात, आणि हुशार मुलं एकमेकांच्या वह्या बघतात. ‘सर्वाधिक पुस्तकं वाचणारा’ पुरस्कार दरवर्षी त्याच दोन मुलींना मिळतो, ज्या पुरस्काराशिवायही वाचल्याच असत्या, आणि उरलेल्या वर्गाला आपण त्यातले नाही हे पक्कं कळतं. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन जरूर करा, अब्दुल कलामांच्या नावाचा तो दिवस २०१५ पासून चालत आलाय. पण त्या दिवशी भाषणं न ठेवता शेवटचे दोन तास शिपायांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्या शाळेनं आपापलं पुस्तक घेऊन गप्प वाचत बसावं. गणिताचे सर वाचताना दिसणं ही मुलांसाठी मोठी बातमी असते.

पुस्तकाबद्दल बोलायला मात्र जागा हवी. आठवड्यातून एकदा दोन-तीन मुलांनी पुस्तक हातात धरून, बसल्या जागेवरून, वाटेल ते सांगावं. काय आवडलं, काय खटकलं, काय कळलंच नाही. “मला हे अर्ध्यात सोडावंसं वाटलं, कारण…” हे वाक्य तुम्ही कौतुकानं ऐका. पुस्तक सोडण्याची मुभा नसेल तर मुलं नवीन पुस्तक उचलायला घाबरतात. आणि तात्पर्य विचारू नका.

पैशांचं थोडक्यात. जिल्हा परिषदेच्या शाळांना समग्र शिक्षा अभियानातून शाळेच्या स्तरानुसार ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत वार्षिक ग्रंथालय अनुदानाची तरतूद आहे. तुमच्यासारख्या अनुदानित शाळेला तो मार्ग नसेल तर माजी विद्यार्थ्यांकडे जा, पण रोख रक्कम किंवा तुमच्या यादीतली पुस्तकंच घ्या, घरातली रद्दी नको. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकं स्वस्त पडतात. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतंय. ते सुरू करा, आणि त्याचे जुने अंक बालभारतीनं ऑनलाइन मोफत ठेवलेत, संगणकाच्या तासाला ते उघडून द्या. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरही मराठी गोष्टी मोफत आहेत, छापूनही घेता येतात. दिवाळीनंतर गावातल्या वाचणाऱ्या घरांतून मुलांचे दिवाळी अंक गोळा करा. खरेदीच्या वेळी मात्र एक करा. तालुक्याला किंवा जिल्ह्याला ग्रंथप्रदर्शन लागलं की पाच-सहा मुलांना घेऊन जा, त्यांच्या हातात दोन हजार रुपये द्या आणि बाजूला व्हा. त्यांनी आणलेल्यांतली दोन पुस्तकं तुम्हाला फालतू वाटतील. तीही दाखल करा. मुलांनी निवडलेली पुस्तकं त्यांच्या मित्रांत पहिल्या महिन्यातच फिरून येतात.

महिन्याच्या शेवटी देवघेवीची वही घेऊन बसा. कुणी किती वाचलं हे मोजू नका. कुणाचं नाव वहीत एकदाही नाही, तेवढं बघा. त्या मुलांपैकी दोघा-तिघांना पुढच्या आठवड्यात गाठा, “हे बघून तुझी आठवण झाली” म्हणून एखादं पुस्तक हातात द्या आणि परत त्याबद्दल विचारू नका. यासाठी तुम्हाला मुलं ठाऊक असावी लागतात आणि पुस्तकंही वाचलेली असावी लागतात. आठवड्याला तुम्ही स्वतः मुलांचं एक पुस्तक वाचा, ग्रंथालयाच्या चार्जमधलं सर्वांत गोड काम तेच आहे.

तुमच्या भागातली मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला जात असतील, तर त्यांची यादी दिवाळीच्या सुट्टीआधी करा. ती जाण्याआधी प्रत्येकाला तीन-चार पुस्तकं पिशवीत घालून द्या, परतीची तारीख न लिहिता. फडावर मराठी अक्षर बघायला मिळणं हेच त्या महिन्यांत मोठं असतं, आणि मुलं परत आल्यावर वर्गात सामील होताना त्यांच्याकडे सांगायला काहीतरी असतं.

शेवटचं, कारण हे ऐन वेळी आठवून उपयोग नसतो. बहुतेक शाळांत मार्चमध्ये सगळी पुस्तकं परत मागवतात, मोजणी करतात आणि कपाटं बंद करतात. म्हणजे मुलांना मोकळा वेळ मिळतो त्या दीड महिन्यात एकही पुस्तक त्यांच्याकडे नसतं. तुम्ही मोजणी फेब्रुवारीतच उरका. मुलांचा गट असला तर दोन दुपारी पुरतात. मग वार्षिक परीक्षेच्या शेवटच्या पेपरच्या दिवशी वर्गावर्गात पुस्तकं घेऊन जा आणि पाचवी ते नववीच्या प्रत्येकाला हवी ती, पुरतील तशी एक-दोन निवडू द्या. दहावीची मुलं त्याआधीच बोर्डाची परीक्षा देऊन शाळेबाहेर पडलेली असतात, त्यांच्याकडे राहिलेली पुस्तकं परत टाकायला निकालाच्या दिवशी एक खोकं दारात ठेवा. जूनमध्ये शाळा उघडली की पहिला आठवडा फक्त परत घेण्यासाठी राखा, आणि आलेल्या पुस्तकांतली सर्वांत मळकी झालेली वेगळी काढून त्यांच्या आणखी प्रती मागवा.